ओला कापूस आणि लेकीचा आकडा

माझी मुलगी पुण्याच्या एका छोट्या कंपनीत लागली तेव्हा गल्लीतल्या बायांनी मला विचारलं, काम काय करते? मी म्हटलं, कम्प्युटरवर. तेवढ्यानं कोणाचं समाधान होत नाही हे मला कळत होतं, पण पुढचं मलाही ठाऊक नव्हतं. मी चौथी शिकलेली, त्यात बोलायला कमी. चार बायांत उभी राहिले तर माझं बोलणं तिसरीपर्यंत पोचत नाही. म्हणून ती दिवाळीला घरी आली तेव्हा मी तिलाच विचारलं.

तिनं सांगितलं ते असं. रेडिओची एक चिप असते, नखाएवढी. ती लांबच्या दुसऱ्या चिपशी तारेवाचून बोलते. पण किती जोरानं बोलायचं हे तिचं तिला कळत नाही. मोठा प्रोग्राम आणि चिप यांच्या मधे एक सांगकाम्या प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो चिपला एक आकडा सांगतो, की आता एवढ्या ताकदीनं बोल. तो आकडा कमीजास्त करायचं काम माझं, ती म्हणाली.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. पण सहा महिने झाले, अजून धड जमलं नाही."

कोणी किती जोरानं बोलायचं हे ठरवणारं एक माणूस प्रत्येक घरात असतंच. त्यासाठी नोकरी मिळते हे मात्र मला नवीन होतं.

ती नुसती दिवाळीला आली नव्हती. कंपनीचं काम घेऊन आली होती. कापसाच्या शेतात उभी करायची तीन खोकी तिनं सोबत आणली होती. बीटीचं बियाणं गावात पहिल्यांदा आलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, आता बोंडअळीचं नाव विसरा. काही वर्षं आम्ही विसरलोही. मग गुलाबी अळी आली. बोंड वरून हिरवंगार, दाबून फोडावं तर आत ती सरकी खात बसलेली. बियाण्याच्या पाकिटासोबत साध्या कापसाची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेनं लावायची, म्हणजे अळीला खायला वेगळी जागा राहील, असं पाकिटावर लिहिलेलं होतं. अळीसाठी मुद्दाम शेती करायची हे गावात कोणालाच पटलं नाही. ती पुडी सगळ्यांनी फेकली, आम्हीही फेकली. तर जी अळी येणार नव्हती, तिचे पतंग रोज किती आले ते मोजायला ही खोकी होती. शेतातलं खोकं सापळ्यातले पतंग मोजणार, तो हिशेब रेडिओवरून आमच्या घरातल्या चौथ्या खोक्याला कळवणार, आणि तिथून तो पुण्याला जाणार.

आमचं शेत घरासमोरच आहे, नाल्यापलीकडे. पुढच्या खोलीच्या खिडकीतून ते सरळ दिसतं. म्हणून घरातलं खोकं त्या खिडकीत ठेवलं. बाहेर ठेवावं तर माकडं ठेवू देत नाहीत.

शेतातल्या खोक्यांना बॅटरी होती आणि ती वेचणी संपेपर्यंत पुरायला हवी होती. सारखं जोरानं बोललं तर बॅटरी लवकर संपते, हळू बोललं तर ऐकू जात नाही. मुलीनं तिच्या ड्रायव्हरमध्ये युक्ती केली होती. शेतातलं खोकं हळू बोलून पाहायचं. घरातल्यानं "ऐकलं" असं कळवलं तर ठीक. नाही कळवलं तर आकडा एक पायरी वाढवून पुन्हा बोलायचं. आणि सलग दहा वेळा नीट ऐकू गेलं तर एक पायरी खाली यायचं. आधीच्या प्रोग्राममध्ये सगळी खोकी कायम एकाच ताकदीनं ओरडायची.

"तुझं चांगलं आहे," मी म्हटलं. "माणसालेही जमत नाही हे."

पंधरा दिवसांनी पुण्याहून तिचे साहेब पाहायला येणार होते. युक्ती चालली तर ती कायम होणार, नाही चालली तर सहा महिन्यांची मुदत संपली म्हणून घरी. घरी म्हणजे कुठं, तेही ठरल्यासारखं होतं. घाटावर मेहकरकडचं एक स्थळ आलं होतं, मुलाचं खताचं दुकान. तिच्या बाबांनी तिला शब्द दिला होता, "नोकरी पक्की झाली तं दोन वर्स लग्नाचं नाव काढत नाही. नाही झाली तं मंग माह्या मनासारखं." मुलीनं मान डोलावली होती. त्या दिवसापासून ती जेवतानाही आकडे दाखवणाऱ्या तिच्या कम्प्युटरच्या लहान पडद्याकडे बघायची.

पहिले आठ दिवस सगळं चांगलं चाललं. आकडे खाली खाली येत गेले. जवळचं खोकं तर अगदी कुजबुजत होतं म्हणे.

मग दुसरी वेचणी झाली आणि कापूस घरात आला. भाव थोडा चढू द्यावा म्हणून आम्ही लगेच विकत नाही. पुढच्या खोलीत गंजी लावतो. ती गंजी खिडकीपर्यंत चढली आणि खोकं गळ्यापर्यंत कापसात गेलं. मी म्हटलं, काढून दुसरीकडे ठेवू काय? तिनं पडदा पाहिला आणि म्हणाली, "राहू दे आई. कोरडा कापूस आड येत नाही. पाह्य, आकडा हलला पण नाही." तिनं ते वहीत लिहूनही ठेवलं, कापसाचा परिणाम नाही.

वहीत लिहिलेलं बरोबर होतं. कापूस कोरडा होता तोपर्यंत.

आमच्याकडे कापूस विकायच्या दिवशी त्यावर पाणी मारतात. कोणी सांगत नाही, पण मारतात. फवारणीचा पंप धुऊन घ्यायचा, त्यात साधं पाणी भरायचं, आणि थरावर थर वरखाली करत भुरभुर मारायचं. वजन वाढतं. व्यापाऱ्याला हे माहीत असतं, म्हणून तो वजनातून कटती धरतो. तो कटती धरतो म्हणून आम्ही पाणी मारतो, आणि आम्ही पाणी मारतो म्हणून तो कटती धरतो. दोघांचंही बरोबर चाललेलं असतं. कापूस तेवढा विनाकारण भिजतो.

माझ्या मुलीला हे गावाबद्दल माहीत होतं, घराबद्दल नाही. ती लहान असताना तिचे बाबा छाती पुढे काढून सांगायचे, सारं गाव पाणी मारते, आपण नाही मारत. तेव्हा ते खरंही होतं. आताही ते मुलीसमोर मारत नसत. ती सकाळी उन्हं वर यायच्या आत शेतात खोकी पाहायला जायची. ती नाल्याच्या उतारावर दिसेनाशी झाली की मी पंप भरून द्यायची आणि ते मारायचे. आमचा कापूस घेणारे चाचा नांदुऱ्याहून यायचे. वीस वर्षं तेच घेतात. त्यांनी सोमवारी येतो म्हणून सांगितलं. सोमवारी आम्ही पाणी मारलं, ते आले नाहीत. फोनवर म्हणाले, गाडी मिळाली नाही, कल पक्का. मारलेलं पाणी दिवसभरात वरच्या थरातलं सुकलं, म्हणून मंगळवारी पुन्हा मारलं. बुधवारीही तेच झालं. असं पाच दिवस चाललं.

आणि त्याच सोमवारपासून खोक्यांचं बिघडलं. आधी लांबच्या खोक्याचा आकडा चढला, मग मधल्याचा. बुधवारी जवळचंही ओरडायला लागलं. मुलगी शेतातून परत यायची तो पडद्यावर सगळं लाल. दुपारनंतर जरा उतरायचं, सकाळी पुन्हा चढायचं. सरकारनं ठरवून दिलेल्या मर्यादेच्या वर आकडा नेता येत नाही, तिथंवर जाऊन तो टेकला, तरी लांबच्या खोक्याचं काही ऐकू येईना. बॅटऱ्या उतरायला लागल्या.

तिनं स्वतःचा प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. चिप अर्ध्या अर्ध्या मापानं मोजते, दहा लिहिलं तर पाच समजते, तिथं काही घोटाळा झाला काय ते पाहिलं. तिथं घोटाळा नव्हता. गुरुवारी ती जेवली नाही.

"काऊन वं, भाकर थंडी होऊन राह्यली."

"आई, माझंच काहीतरी चुकलं. मी शेतात गेली का बिघडते. जसं काही मले पाहूनच बिघडते."

मग तिनं साहेबांना फोन लावला. फोनवर ती पुण्यासारखं बोलते. आमच्या घरात तशी भाषा ऐकली की मला पाहुणे आल्यासारखं वाटून मी पदर सारखा करते. ती म्हणाली, "हो सर, पानांवर दव असलं तर पाणी सिग्नल शोषून घेतं, मला माहीत आहे. पण दव नाहीये सर. पाऊसही नाही. इथं पाणी आहेच कुठं?"

मी चुलीपुढं होते. हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली. पाणी कुठं आहे हे त्या घरात दोघांना माहीत होतं. त्यातल्या एकाला सिग्नल माहीत नव्हता आणि दुसरीला बोलता येत नव्हतं.

मी ते त्याच क्षणी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगायचं म्हणजे तिच्या बाबांचं पाणी उघडं करायचं, तेही जिच्यासमोर ते लपवतात तिच्यासमोर. मी स्वतःला समजावलं, उद्या चाचा येतील, कापूस जाईल, खोकं आपोआप बरं होईल. कोणाला काही सांगायची गरजच नाही. न बोलणाऱ्या माणसाला अशी कारणं फार लवकर सुचतात.

तोवर मुलीनं साहेबांना लिहून कळवलंही होतं, दोष माझ्या कोडमध्ये आहे, सापडत नाही.

शुक्रवारी साहेब आले. तिच्याहून पाचसात वर्षांनी मोठे असतील, पायात पांढरे बूट. ओसरीत खुर्ची दिली, तिच्यावर बसून त्यांनी कम्प्युटर मांडीवर घेतला. आत आम्ही सकाळचं पाणी मारून मोकळे झालो होतो. त्यांनी बराच वेळ पडदा पाहिला. मग म्हणाले, "हे बघ, बिघडतं ते ठीक आहे. पण का बिघडतं ते कळत नसेल तर मी हे दुसऱ्या गावांत लावू शकत नाही. आपण जुनाच प्रोग्राम परत टाकू. तुझ्या मुदतीचं मग ऑफिसला गेल्यावर बोलू."

मुलगी "हो सर" म्हणाली. तिचे बाबा खांबाला टेकून उभे होते. त्यांना यातलं जुना प्रोग्राम एवढंच कळलं असावं, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्यांच्या तोंडावर मेहकरचं खताचं दुकान दिसत होतं.

तेवढ्यात चाचांची गाडी आली. चार दिवस न आलेली गाडी बरोबर त्या वेळी आली. दोन हमाल उतरले, त्यांनी अंगणात काटा टांगायला घेतला. आता अर्ध्या तासात खोली रिकामी होणार, खोकं मोकळं होणार आणि आकडे खाली येणार होते. मग का बिघडलं होतं हे कधीच कोणाला कळणार नव्हतं. आदल्या दिवशी मला जी सोय वाटली होती, तीच आता मुलीच्या गळ्याशी आली होती.

मी दाराआड होते. तिथूनच म्हटलं, "साहेब, कापूस वला हाये."

कोणी ऐकलं नाही. मी ओसरीत आले आणि पुन्हा म्हटलं. या वेळी हमालांनीही काटा धरून माझ्याकडे पाहिलं.

"काय बोलून राह्यली तू?" तिचे बाबा म्हणाले.

"वला हाये. पाच दिवसांपासून आमी रोज पाणी मारून राह्यलो. पंप मीच भरून देतो. खोकं त्याच्यातच बुडेल हाये."

मुलीनं आधी माझ्याकडे, मग बाबांकडे पाहिलं. बाबा काट्याकडे बघत होते. काट्याला अजून काही टांगलेलं नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "कापसावर पाणी? का मारता, काकू?"

गावात हा प्रश्न आजवर कोणी विचारलाच नव्हता. शेवटी चाचाच म्हणाले, "साहब, वजन."

मग ते माझ्याकडे वळले. "भाभी, तुमी काऊन लाजता? मले तं फाटकातूनच वास आला. कटती मी घरूनच धरून आलो."

"आता तं जास्त नाही ना धरत?" तिच्या बाबांच्या तोंडून निघून गेलं.

"तुमी पाच दिवस मारलं, मी एकाच दिवसाची धरली व्हती. आता पाचची धरतो," चाचा म्हणाले आणि हमाल हसले.

साहेब मात्र उठून उभे राहिले होते. इतका आनंद झालेला माणूस मी आमच्या ओसरीत पूर्वी पाहिला नव्हता. त्यांनी हमालांना थांबवलं. खोकं कापसातून काढून ओसरीत ठेवलं. मुलगी पडद्याशी बसली आणि आकडे वाचू लागली. थोड्या वेळानं जवळच्या खोक्याचा आकडा एक पायरी उतरला. मग आणखी एक. दोन दिवस गप्प असलेलं लांबचं खोकंही बोललं.

"आता परत आत ठेवा," साहेब म्हणाले. "वरचा थर सुकलाय. काका, तुम्ही रोज मारता तसं पाणी मारा."

तिचे बाबा जागचे हलले नाहीत.

"संकोच करू नका काका. रोजच्यासारखंच मारा. एका पंपात किती लिटर मावतं?"

"मारा भाऊ, मारा," चाचा खुर्चीवर बसत म्हणाले. "आजवर चोरून मारलं, आता माह्या समोर मारा."

मी पंप भरून दिला. तिच्या बाबांनी तो पाठीवर घेतला, आणि व्यापारी समोर चहा पीत बसलेला असताना त्याच्याच कापसावर त्यांनी पाणी मारलं. साहेब कागदावर लिटर लिहीत होते. मधेच ते म्हणाले, "काका, जरा डावीकडे राहिलं." मुलगी आकडे वाचत होती. पाणी आत गेलं तसा आकडा चढला. जेवढा चढायला हवा तेवढाच चढला. मर्यादेपाशी जाऊन थांबला.

"तुझा कोड बरोबर आहे," साहेब तिला म्हणाले. "ऐकू जात नव्हतं म्हणून तो जोरात बोलत होता. त्यानं तेच करायला हवं." जाताना त्यांनी सांगितलं की पत्र पुढच्या आठवड्यात येईल.

चाचांनी कापूस नेला. कटती नेहमीचीच धरली. तमाशा पाहायला मिळाला, तो कटतीत वळता केला म्हणाले.

संध्याकाळी मुलगी बाबांना म्हणाली, "तुमी तं सांगत होते, आपण नाही मारत."

ते चप्पल काढत होते. काढता काढता म्हणाले, "नव्हतोच मारत. तू बुलढाण्याले कॉलेजात गेली, त्या वर्सापासून मारतो."

ओसरीतला पंप उचलून तिनं तो मोरीत उलटा करून ठेवला.

पत्र आलं. ती कायम झाली. मेहकरच्या लोकांना तिच्या बाबांनी स्वतः फोन करून नाही म्हटलं आणि दोन वर्षांचा शब्द पाळला. खोक्यांनी त्या मोसमात पतंग अगदी बरोबर मोजले, रोजच्या रोज पुण्याला कळवले. तिथं सगळे ताकदीच्या आकड्याकडे बघत होते, पतंगांकडे कोणी पाहिलं नाही. आमची शेवटची वेचणी अळीनं खाल्ली. पतंग वाढल्याचं पुण्याच्या फाइलमध्ये आधीच लिहिलेलं होतं, असं मुलीनं नंतर मला सांगितलं.

पण खरी गोष्ट पुढं झाली. चाचांनी त्या दिवशी चहा पिता पिता साहेबांना विचारलं होतं, "साहब, ये मशीन कापसात खुपसली तं पाणी सांगते काय?" साहेबांनी ते मनावर घेतलं. पतंगाचं काम मागे पडलं. आता त्यांची कंपनी व्यापाऱ्यांसाठी दोन टोकांचं यंत्र बनवते. कापसाच्या ढिगाच्या एका बाजूला एक टोक, दुसऱ्या बाजूला दुसरं. एकानं बोलायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, आणि ऐकू यायला किती ताकद लागली त्यावरून ओल सांगायची. तो ताकदीचा आकडा माझी मुलगी बसवते. नांदुऱ्यात पहिलं यंत्र चाचांनीच घेतलं.

गल्लीत ही बातमी पोचायला दोन दिवस लागले. महिनाभर बाया माझ्याशी तुटक वागल्या. मग यंदाच्या वेचणीला माझी जाऊ आणि आणखी दोघीजणी आपण होऊन आल्या, ओसरीत बसल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर जाऊ म्हणाली, "बाई, तुह्या पोरीले एक इचारतं काय? किती पाणी मारलं तं त्या मशीनले समजत नाही?"

मी विचारते म्हटलं आणि खरंच विचारलं. फोनवर ती आधी हसली. मग म्हणाली, "आई, मले माहीत आहे. पण ते मी बाहेर सांगितलं तर नोकरी जाईल. तुले सांगू काय?"

मी म्हटलं, "नको सांगू."

दुसऱ्या दिवशी त्या तिघी पुन्हा आल्या. मी सांगितलं, तिला विचारलं, तिला माहीत नाही म्हणाली.

"अव्वा," जाऊ म्हणाली. "मशीन तिनंच बनवली ना? एवढी शिकली अन् एवढं नाही येत?"

"नाही वं," मी म्हटलं. "नाही येत तिले."

तिघींनाही ते स्पष्ट ऐकू गेलं.